चार लाखाचा सिम्युलेटर पीसी: आधी कार्ड की आधी प्रोसेसर?

होटगीरोडकर

परवा इथेच एकाने विचारलं होतं की घरी फ्लाइट सिम्युलेटर बसवायचाय, नुसत्या पीसीला चार लाखापर्यंत तयारी आहे, नंतर व्हीआर (डोळ्यांवर लावायचा हेडसेट) पण घेणार, तर काय काय घेऊ. खाली जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच, एनव्हिडियाचं ५०९० ग्राफिक्स कार्ड घे आणि उरलेल्यात बाकीचं बसव. मला हे अजिबात पटलेलं नाही आणि चार लाख ही काय लहान रक्कम नाही, म्हणून वेगळा धागा काढून सविस्तर लिहितोय.

५०९० जाहीर झाली तेव्हा भारतातली किंमत २ लाख १४ हजार होती, दुकानात त्याच्या वरच. म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसे एका कार्डात गेले. आता सिममध्ये नक्की अडतं कुठे ते बघा. गोळीबाराच्या गेममध्ये कार्डच सगळं ओढतं, इथे तसं नाही. विमानाचं फिजिक्स, हवामान, आजूबाजूचं ट्रॅफिक, जमिनीवरचा डेटा, कॉकपिटमधल्या स्क्रीन, या सगळ्याचा हिशोब प्रोसेसरला करावा लागतो आणि त्यातला मोठा भाग एकाच मेन थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच मुख्य रांगेत, चालतो. सोळा कोअर असले तरी तो एक थ्रेड मागे पडला की बाकीचे थांबून राहतात आणि कार्ड पण थांबून राहतं, मग ते दोन लाखाचं असो नाहीतर साठ हजाराचं. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमचा (सेकंदाला किती चित्रं) काउंटर लावा, तिथे स्पष्ट लिहून येतं लिमिटेड बाय मेनथ्रेड. हीथ्रो किंवा जेएफकेला फेनिक्सची ए३२० (वेगळं घ्यायचं ॲडऑन विमान) घेऊन उतरा म्हणजे दिसेल. आपलं व्हीएएसएल (सोलापूर विमानतळाचा कोड) टाकून सोलापूरवर चक्कर मारून कोणी म्हणत असेल की मला नव्वद फ्रेम मिळतात तर त्याने काही सिद्ध होत नाही, आपल्याकडे फोटोग्रामेट्री (फोटोंवरून बनवलेली खरी थ्रीडी घरं) नाही, घरं सगळी ऑटोजेन, म्हणजे सिमने आपोआप उभी केलेली, विमानतळावर गर्दी नाही, तिथे कुठलाही पीसी पळतो.

म्हणून माझं म्हणणं, पहिला पैसा रायझन ९८००एक्सथ्रीडी प्रोसेसरला. त्याचा एलथ्री कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) ९६ एमबी आहे आणि सिमला हा कॅश फार लागतो, कारण तो सारखा विखुरलेला डेटा मागत असतो आणि प्रत्येक वेळी रॅमपर्यंत जायचं म्हणजे वेळ जातो. कोअर आठच आहेत पण पुरतात. ९९५०एक्सथ्रीडी मध्ये सोळा कोअर असले तरी जादा कॅश त्यातल्या आठांनाच आहे, सिम चुकून दुसऱ्या आठांवर गेलं तर फायदाच गेला. रॅम ६४ जीबी, डीडीआर५ ६००० सीएल३०, दोनच काड्या. चार काड्या लावल्या की एएम५ वर (या प्रोसेसरच्या सॉकेटवर) अधिकृत स्पीड ३६०० वर येतो, हे दुकानदार सांगत नाहीत. बोर्ड बी८५० चा साधा चालतो. कार्ड ५०७० टीआय, १६ जीबी. जे पैसे वाचतात ते यूपीएस, अर्थिंग आणि खोलीच्या एसीला लावा. सोलापुरात हा खर्च पीसीचाच भाग आहे असं मी मानतो.

विजापूर वेस

होटगीरोडकर, तुमचं मेन थ्रेडचं बरोबर आहे पण निष्कर्ष चुकतोय. मेन थ्रेडवरचा भार तुम्ही कमी करू शकता. टेरेनचा एलओडी (लांबचा तपशील किती दाखवायचा तो) स्लायडर २०० वरून १०० वर आणा, एआय ट्रॅफिक कमी करा, कॉकपिट डिस्प्लेचा रिफ्रेश मीडियमवर ठेवा, लगेच फरक पडतो आणि खिडकीबाहेर बघताना तुम्हाला काही मोठं गेल्यासारखं वाटत नाही. पिक्सेल मात्र सहज कमी करता येत नाहीत. एक ४के स्क्रीन म्हणजे ८३ लाख पिक्सेल. तीन १४४० च्या स्क्रीन लावल्या, जे सिमवाले हमखास लावतात, तर १ कोटी १० लाख. क्वेस्ट ३ या व्हीआर हेडसेटचे दोन्ही डोळे मिळून ९१ लाख, आणि लेन्समुळे प्रत्यक्षात त्याच्याहून जास्त रेंडर करावे लागतात. वरून ढग. पावसाळी ढगातून जाताना ज्याची फ्रेम कोसळते त्याला विचारा कार्ड काय असतं ते.

दुसरं व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. १६ जीबी आज पुरतात म्हणता, पण मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या सिममध्ये ४के टेक्स्चर अल्ट्रा ठेवून मोठ्या ॲडऑन विमानतळावर गेलं की व्हीरॅम भरतो, आणि एकदा भरला की फ्रेम हळूहळू उतरत नाही, एकदम पाचसहावर येते, अगदी फायनलला, म्हणजे धावपट्टीसमोर उतरताना. ५०९० ला ३२ जीबी आहेत. शिवाय मेन थ्रेड अडकतो म्हणून तर फ्रेम जनरेशन आहे, कार्ड मधल्या फ्रेम स्वतः तयार करतं, त्यात प्रोसेसरचा संबंधच नाही. म्हणजे तुमच्या दुखण्याचं औषध पण कार्डातच आहे. ज्याला पाच वर्षं पीसी वापरायचाय त्याने कार्ड मोठंच घ्यावं, एएम५ वर प्रोसेसर नंतर बदलता येतो.

होटगीरोडकर

फ्रेम जनरेशन मी पण वापरतो, वाईट नाही. पण ती फक्त दिसायला गुळगुळीत करते. खालची खरी फ्रेम पंचवीस असेल तर योक (विमानाचं स्टिअरिंग) ओढल्यावर विमानाचा प्रतिसाद पंचविसाच्याच हिशोबाने येतो, उलट थोडा उशिरा. फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक वर उचलताना, हे हाताला कळतं. आणि व्हीआरमध्ये ती चालतच नाही, मूळ विचारणाऱ्याला व्हीआरच पाहिजे आहे. स्लायडर खाली आणायचे असतील तर ते कार्डाचे पण आणता येतात की, ढग अल्ट्रावरून हायवर आणा, किती जणांना फरक ओळखता येईल मला शंका आहे.

लूमगल्ली

तुम्ही दोघं पण एसीत बसून लिहायलाव असं वाटायलंय. आमच्या खाली पॉवरलूम हाय, दिवसभर रुई उडते, कॅबिनेटची जाळी पंधरा दिवसात पांढरी होती. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४३, वरच्या पत्र्याच्या खोलीत त्याच्या पण वर. बाहेरच्या देशातले टेस्टवाले २२-२५ डिग्रीच्या खोलीत टेस्ट करत्यात आणि आपण तेच आकडे बघून पार्ट घ्यायलो. खोली १७ डिग्रीनं जास्त गरम म्हणजे आतलं सगळं पण साधारण तेवढंच जास्त गरम, साधा हिशोब हाय बे. ५०९० एकटी ५७५ वॅट ओढती, पूर्ण पीसी आठशेच्या घरात. आठशे वॅटचा हीटर खोलीत लावून वर एसी लावायचा. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो, त्यातला पाव हिस्सा तुमच्या पीसीतच गेला. ५०७० टीआय ३०० वॅटची. मला ह्या भांडणात एवढंच कळतंय की सोलापूरला वॅट कमी ते चांगलं.

कूलर पण एअरचाच घ्या, दोन टॉवरचा मोठा. ९८००एक्सथ्रीडी ला तेवढा बास हाय, कॅश आता कोअरच्या खाली टाकल्यामुळं उष्णता वर लवकर निघती. लिक्विडवाल्या रेडिएटरच्या पट्टीत रुई बसली की काढताना जीव जातो.

बारामतीची विद्यार्थिनी

मूळची सोलापूरची, सध्या बारामतीला फ्लाइंग ट्रेनिंग घेतेय म्हणून लिहिते. वरचं सगळं वाचलं, आणि एवढ्या चर्चेत रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायचे पायातले पेडल) हा शब्द एकदाही आला नाही याचं खरंच वाईट वाटलं. चार लाखाचा पीसी आणि समोर दोन हजाराची जॉयस्टिक, असे सेटअप मी पाहिलेत. त्यावर क्रॉसविंड (आडव्या वाऱ्यातल्या) लँडिंगची सवय चुकीचीच लागते. हातातली काठी पिळून रडर देणं आणि पायाने देणं यात जमीनअस्मान आहे.

माझं मत, पीसीतले लाखभर काढा आणि चांगला योक किंवा साइडस्टिक, थ्रॉटल आणि पेडल घ्या. हनीकोंबचा अल्फा योक १८० अंश फिरतो, सेस्नासारखा वाटतो. एअरबसची आवड असेल तर थ्रस्टमास्टरची टीसीए साइडस्टिक. फ्रेम तीसवर लॉक करून स्थिर ठेवली तरी शिकायला पुरते, पण झटके बसले तर ६० असून उपयोग नाही. सरासरी फ्रेम बघू नका, सर्वात वाईट क्षणी काय होतं ते बघा, आणि त्या बाबतीत मला होटगीरोडकरांचं पटतं, कारण झटके बहुतेक वेळा प्रोसेसरकडून किंवा व्हीरॅम भरल्याने येतात, कार्ड हळू असल्याने नाही.

अजून एक, काही पालक विचारतात म्हणून सांगते, घरच्या सिमचे तास डीजीसीएच्या (सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या) लॉगबुकात धरत नाहीत. प्रोसिजर, चेकलिस्ट, रेडिओवरचं बोलणं याचा सराव मात्र खूप होतो आणि विमानात बसल्यावर त्याचा फायदा दिसतो.

विजापूर वेस

ताई, शिकणाऱ्यासाठी तुमचं शंभर टक्के मान्य. पण सगळे पायलट व्हायला सिम घेत नाहीत. मला संध्याकाळी दुकान बंद करून हिमालयावरून लुक्लाला उतरायचं असतं, ते डोळ्यांनी खरं दिसलं पाहिजे, तेवढ्यासाठीच मी पैसे घालतो. माझ्यासाठी ते चित्र म्हणजेच सिम आहे. आणि लूमगल्ली, वॅटचं म्हणाल तर कार्डाची पॉवर लिमिट ७०-८० टक्क्यांवर आणता येते, फ्रेम थोडीच कमी होते आणि गरमी बरीच उतरते. मोठं कार्ड दमानं चालवणं हे लहान कार्ड पूर्ण ताणून चालवण्यापेक्षा बरं.

सात रस्ता असेंबलर

माझं काम हेच आहे, पीसी जोडून देतो, म्हणून दोघांनी सोडलेलं लिहितो. कार्ड कुठलं घ्या नाहीतर प्रोसेसर कुठला, सोलापुरात मशीन बिघडतं ते लाईटने. लाईट जाते त्याने एवढं नाही, लाईट येते तेव्हा जो झटका येतो आणि संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं त्याने. पहिलं काम इलेक्ट्रिशियन बोलवून अर्थिंग तपासा. जुन्या घरात तीन पिनचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या पिनला मागे वायरच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात ते हेच.

दुसरं, घराच्या इन्व्हर्टरवर हा पीसी टाकू नका. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर आजच्या ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या एसएमपीएसला (पीसीच्या पॉवर सप्लायला) तो चालत नाही, कधी बंद पडतं कधी आवाज येतो. साइन वेव्हचा असेल तरी मागचा स्विच यूपीएस मोडवर आहे का बघा, कारण लाईट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या ताकदीवर पंधरा-सतरा मिलिसेकंद धरतो, इन्व्हर्टर त्याच्या आत आला नाही तर पीसी रिस्टार्ट. गोव्याहून निघून दीड तास उडवलं आणि होटगी रोडच्या (सोलापूर विमानतळाच्या) फायनलला रिस्टार्ट, गिऱ्हाईक मग माझ्याकडे येतं.

यूपीएसवर १००० व्हीए लिहिलंय म्हणजे हजार वॅट नाही, साधारण सहाशे. ५०७० टीआय वाला पीसी पाचशेच्या आसपास राहतो, तो कसाबसा बसतो, ५०९० वाला बसतच नाही, त्याला २ केव्हीएचा प्युअर साइनवेव्ह घ्यावा लागतो, तो आणि त्याच्या बॅटऱ्या यांचे पैसे कार्डाच्या किमतीत धरा. एसएमपीएस ५०७० टीआयला ८५०, ५०९० ला १००० च्या खाली मी लावत नाही, आणि ते बारा व्होल्टचं सोळा पिनचं कनेक्टर पूर्ण आत बसलंय का ते टॉर्च मारून बघतो, अर्धवट बसलेलं वितळतं.

आणि योक, पेडल, थ्रॉटल सगळं पुढच्या यूएसबीला लावू नका. वेगळं ॲडॅप्टर असलेला हब घ्या आणि विंडोजमधलं यूएसबीचं पॉवर सेव्हिंग बंद करा, नाहीतर उडताना योक मध्येच गायब होतो आणि लोक पार्टला दोष देतात.

जुळे सोलापूर

मीच तो चार लाखवाला. सगळं दोनदोनदा वाचलं, असेंबलरदादांचं तर बायकोला पण वाचून दाखवलं कारण अर्थिंगचा विषय आमच्याकडे बरेच दिवस लांबलाय. माझा विचार असा ठरतोय, ९८००एक्सथ्रीडी पक्का, ६४ जीबी पक्की, पण रॅमचे भाव चढलेत त्यामुळे ती आधी घेऊन ठेवतो. ५०९० नाही. मन मात्र ५०८० कडे ओढतंय, कारण व्हीआर घ्यायचाच आहे. पेडल आणि योक पहिल्या दिवशीच घेणार, ताईंचं पटलं. आधी काय उडवणार म्हणाल तर गोवा-सोलापूर एटीआर ७२ विमान, जून २०२५ पासून डोक्यावरून आवाज येतोय तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

होटगीरोडकर

५०८० आणि ५०७० टीआय दोन्हीला व्हीरॅम १६ जीबीच आहे हे लक्षात घ्या. ५०८० वेगात पुढे आहे, पण व्हीरॅम भरण्याचा जो प्रश्न विजापूर वेसने मांडला तो दोन्हीत सारखाच राहतो. मी असतो तर टीआय घेऊन फरकाचे पैसे यूपीएसला लावले असते.

विजापूर वेस

आणि मी असतो तर व्हीआर हातात येईपर्यंत कार्डच घेतलं नसतं. जुनं कुठलंही कार्ड लावून दोन महिने काढा, हेडसेट आला की त्या रिझोल्यूशनला काउंटर लावून बघा, जीपीयू लिहून येतं की मेनथ्रेड. जीपीयू आलं तर थेट सर्वात वरचं कार्ड, मधलं काही नाही. मेनथ्रेड आलं तर मी इथे येऊन होटगीरोडकरांचं बरोबर होतं असं लिहीन.

लूमगल्ली

ते दोन महिने मार्च-एप्रिल मधले धरा. डिसेंबरात टेस्ट करून काय कळणार नाही.