कायदा लिंगनिरपेक्ष, पण नजर?
"अल्पवयीन मुलाशी प्रौढ स्त्रीने संबंध ठेवले तर तो गुन्हाच नव्हे" या विधानाशी मी सहमत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधील बलात्काराची व्याख्या पुरुष आरोपी आणि स्त्री पीडित एवढ्यापुरतीच आहे, हे खरे. परंतु बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात 'बालक' म्हणजे अठरा वर्षांखालील कोणतीही व्यक्ती, मग ती मुलगा असो वा मुलगी. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तेरा वर्षांच्या मुलावरील अत्याचाराच्या प्रकरणात आरोपी महिलेविरुद्धचा खटला रद्द करण्यास नकार देताना हेच स्पष्ट केले.

अडचण कायद्याच्या आधी, घराच्या उंबरठ्यावरच सुरू होते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या आपल्या गावांत मुलगी असेल तर अब्रूचा प्रश्न होतो, आणि मुलगा असेल तर "पोरगं लवकर मोठं झालं" म्हणून हसण्यावारी नेले जाते. ती फिर्याद ठाण्यापर्यंत पोहोचतच नाही.

याची दुसरी बाजूही आहे. दोघेही सतरा वर्षांचे असून परस्परसंमतीने पळून गेले, तर बहुधा मुलगाच विधिसंघर्षग्रस्त बालक (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेला अल्पवयीन) ठरतो आणि मुलगी पीडित. बेळगाव ज्याच्या कक्षेत येते त्या कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने २०२२ मध्ये संमतिवयाचा (शरीरसंबंधाला दिलेली संमती कायद्याने ग्राह्य धरण्याच्या वयाचा) फेरविचार करण्याचे विधी आयोगाला सुचवले होते. आयोगाने २०२३ च्या अहवालात मात्र अठराचीच मर्यादा कायम ठेवण्याची शिफारस केली.