मदत हवी आहे: बारावीनंतर कंपनीत राहूनच डिग्री करतेय, आता रात्रपाळी आणि परीक्षा एकत्र आली आहे

केळीची_बाग:

नमस्कार. आतापर्यंत इथे नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली.

मी चोपडा तालुक्यातली. २०२३ ला बारावी सायन्स झाले. जळगावला इंजिनिअरिंगला नंबर लागला असता, पण त्याच उन्हाळ्यात वादळाने आमची निसवलेली केळी आडवी झाली आणि फीचं गणित बसेना. तेव्हा एका मोठ्या आयटी कंपनीची योजना कळली. आधी ट्रेनिंग, मग पुण्यात काम, आणि शनिवार-रविवार ऑनलाइन लेक्चर करून बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरची डिग्री. फीचा बराच भाग कंपनी भरते. परीक्षा दिली, मुलाखत दिली, निवड झाली.

आमच्याकडे मोठ्या कंपनीचं अप्रूप किती, ते खान्देशातल्यांना माहीत आहे. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली, आणि तिच्या शेअरवर तिथल्या कित्येक घरांचं भलं झालं. (माझी कंपनी ती नाही, अंदाज लावू नका.) आप्पांनी गावभर ‘पोरगी इंजिनिअर झाली’ असं सांगून ठेवलंय. अजूनही फोनवर पहिलं वाक्य ‘जेवनी का व माय?’ आणि दुसरं ‘कसं शे तुन्हं हापिस?’ मी ‘चांगलं आहे’ म्हणते.

ट्रेनिंग खरंच चांगलं होतं. लिनक्स, नेटवर्किंग, एसक्यूएल, इंग्रजीत ईमेल लिहिणं, सगळं घोटून घेतलं. मग मला सपोर्टला टाकलं, म्हणजे ग्राहकाचे सर्व्हर सांभाळायला. अलर्ट (बिघाडाची सूचना) आला की तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडायचं, लिहून दिलेल्या पायऱ्या करायच्या, नाही जमलं तर वरच्या टीमकडे ढकलायचं. ग्राहक परदेशातला, त्यामुळे महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी. सकाळी सातला रूमवर येते आणि साडेनऊला लेक्चर सुरू. कॅमेरा बंद करून झोपलेच नाही असं म्हणणार नाही. तिसऱ्या सेमिस्टरला डिस्क्रीट मॅथ्स राहिला, तो त्यामुळेच. आता चौथ्या सेमिस्टरचे पेपर नेमके रात्रपाळीच्या आठवड्यात आलेत.

एक गोष्ट मनापासून आवडली, ती सांगते. रोज पहाटे ‘डिस्क ९० टक्के भरली’ असे ढीगभर अलर्ट यायचे. एकदा चाचणीच्या सर्व्हरवर मी सगळ्यात मोठी लॉग फाइल (प्रोग्रॅम आपल्या कामाची नोंद लिहितो ती) उडवली, तरी डिस्क भरलेलीच. घाम फुटला. टीमच्या लीडने येऊन दाखवलं की प्रोग्रॅमने ती फाइल उघडून धरलीय, तो सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. त्या रात्री जे डोक्यात बसलं ते कुठल्या लेक्चरमध्ये बसलं नसतं. नंतर मी जुने लॉग शोधून यादी करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, लीड ती वापरतो, पण पुढे काही नाही.

कँटीनमध्ये कोणी ‘कोणत्या कॉलेजची?’ विचारलं की काय सांगावं कळत नाही. ना धड विद्यार्थी, ना धड नोकरदार. करारात सगळी मिळून चार वर्षं आहेत, मध्येच सोडलं तर दीड लाख भरायचे. सोडून जळगावला रेग्युलर कॉलेज धरू का? की टिकून राहून टीम बदलून मागू? मागायचं तर कुणाकडे, कसं? आणि या बीसीएला बाहेर किंमत आहे का?

तापीकाठ:

कोणता करार आहे ते आधी बघ. अ‍ॅप्रेंटिसशिपच्या १९६१ च्या कायद्याखाली असेल तर त्याची सरकारी पोर्टलवर नोंद असते आणि तू कायद्याने ‘कामगार’ नाही, ‘प्रशिक्षणार्थी’ धरली जातेस. कंपनीचा स्वतःचा सेवा-करार असेल तर प्रकरण वेगळं. ‘बाँड (मध्येच सोडलं तर पैसे भरायची अट) कोर्टात टिकत नाही’ असं सांगणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नको. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध धरलाय. प्रत्येक करार वेगळा असतो, पण दीड लाख सुटतीलच असं धरून राजीनामा देऊ नकोस. करार एखाद्या वकिलाला दाखव.

जळगावची_ताई:

डिग्रीपुरतं सांगते. विद्यापीठ यूजीसी-मान्य असेल आणि त्या कोर्सला मान्यता असेल तर ऑनलाइन पदवी रेग्युलर पदवीच्या बरोबरीची, यूजीसीनेच २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलंय. एमसीएची (बीसीएच्या पुढची डिग्री) सीईटी देता येते, पदवीवरच्या एमपीएससी परीक्षा देता येतात. मात्र बीसीए म्हणजे बी.टेक. नाही, हे आप्पांना एकदा सांगून टाक. आणि तुझी एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात ते सरकारी ऑनलाइन खातं) उघडून आधीच्या सेमिस्टरची क्रेडिट जमा झालीत का ते आजच बघ. उद्या खरंच सोडावं लागलं तर तेवढीच शिदोरी.

सर्व्हरवाला_नाना:

पोरी, मी भुसावळचा, सपोर्टमध्येच केस पांढरे केले. ‘रेग्युलर कॉलेज’ डोक्यातून काढ. तिथे चार वर्षं घालवून पोरं जिथे येतात तिथे तू आधीच बसली आहेस, फक्त रात्रीची.

ती स्क्रिप्ट आहे ना, तीच तुझी पुंजी. ‘लीड वापरतो’ असं तोंडी ठेवू नको. महिनाभर आधी असे अलर्ट किती होते, आता किती, एका अलर्टला किती मिनिटं जात होती, हे एका पानावर मांड. ही आकडेवारी तिकिटांच्या सिस्टीममध्येच पडलेली असते. मग लीडला पाठव आणि मॅनेजरला सीसीत ठेव. अजून एक, लॉग उडवायचं काम स्क्रिप्टवर कधी सोपवू नको, त्यासाठी लॉगरोटेट हे लिनक्सचं तयार साधन आहे. तेही सर्व्हरवरच्या बदलाला वरून मंजुरी घेऊनच लाव, नाहीतर शाबासकीच्या जागी मेमो मिळेल. टीम बदलून मागताना ‘मला सपोर्ट आवडत नाही’ म्हणू नको. ‘ऑटोमेशनचं काम द्या, अर्धा वेळ द्या’ असं माग. अर्ध्याला कोणी सहसा नाही म्हणत नाही.

भुसावळ_जंक्शन:

पेपरचं वेळापत्रक हातात आलं त्या दिवशीच शिफ्ट बदलायचा मेल टाक, एचआरच्या ट्रेनिंगवाल्या माणसाला सोबत घेऊन. आयत्या वेळी फोन करशील तर रोस्टर लागून गेलेलं असतं. आणि रात्रपाळीच्या आठवड्यात नानांच्या गप्पा कमी वाच, झोप. 😄

केळीची_बाग:

सगळ्यांचे आभार. एबीसी बघितली, दोन सेमिस्टरची क्रेडिट दिसताहेत, तिसऱ्याची नाहीत. विद्यापीठाला मेल केलाय. करार परत वाचला, तो कंपनीचा स्वतःचाच आहे, आणि त्यात एक ओळ माझ्या नजरेतून सुटली होती: परीक्षेच्या दिवसांसाठी वेगळी रजा, सेमिस्टरला पाच दिवस, आठवडाभर आधी कळवायचं. दीड वर्षात मी एकदाही घेतली नाही आणि कोणी सांगितलंही नाही. आज अर्ज टाकलाय.

नाना, आकडे काढले. महिन्याला दोनशेच्या वर असायचे, आता साठ-सत्तर. पान तयार आहे, सोमवारी पाठवते. मेलमध्ये ‘अर्धा वेळ’ लिहिताना हात थरथरतोय.

आप्पांना बीसीए म्हणजे काय ते रविवारी फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मंग इंजिनिअर नको म्हनू का गावमा?’ मी म्हटलं, सध्या राहू द्या.