शब्दचर्चा : ढोंग, सोंग आणि मीठ घातलेलं बोलणं

रविवारी चर्चच्या प्रार्थनेत वाचन माझ्याकडे आहे, बायबलमधलं रोमकरांस पत्र, अध्याय 12. नवव्या वचनात आहे "प्रीतीचे ढोंग नसावे". घरी वाचून बघत होते तर लेक म्हणाली, आई हे केवढं कडक वाटतं, 'प्रेम निष्कपट असावं' असं गोड करून वाच ना. मलाही क्षणभर पटलं, कारण ढोंगी हा शब्द आपण शिवीसारखाच वापरतो. मूळ शब्द काय आहे कुणाला माहीत आहे का? आणि गोड बोलणं नि प्रेमाने बोलणं, यात तुम्ही फरक करता का? (आम्ही वेंगुर्ल्याकडचे.)

प्रतिसाद

ताई, बदलू नका, ढोंगच बरोबर आहे. ग्रीकमध्ये तिथे 'अनुपोक्रितोस' आहे. सुरुवातीचा 'अन्' आपल्या 'अनोळखी'तल्यासारखा नकाराचा, आणि पुढचा भाग 'हुपोक्रितेस'च्या घरातला, म्हणजे नाटकातला नट. मत्तयच्या शुभवर्तमानात 23व्या अध्यायात येशू शास्त्री-परूश्यांना, म्हणजे तेव्हाच्या यहुदी धर्मपंडितांना, परत परत ढोंगी म्हणतो तोही हाच शब्द. निष्कपट म्हटलं की अर्थ येतो पण तो नट जातो.

आता तुमच्याकडे दशावतार रात्रभर बघितलेला माणूस लगेच विचारेल की नट असणं वाईट कसं. बरोबर आहे, म्हणून तर मराठीत दोन शब्द आहेत. दशावतारी करतो ते सोंग, तो राजा झालाय हे त्यालाही माहीत, समोर बसलेल्यांनाही माहीत, आणि सकाळी तोच आपली पेटी डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला जातो, त्यात फसवणूक कुणाचीच नाही. ढोंगात समोरच्याला सांगितलेलंच नसतं की खेळ चाललाय. माझ्या मते हे पत्र लिहिणारा पौल त्याच्याबद्दल बोलतोय, चर्चमध्ये हसून हात मिळवायचा आणि घरी जाऊन त्याच माणसाची सालं काढायची.

प्रतिसाद

गोड बोलण्याचं मी सांगतो. कलस्सैकरांस पत्रात (4:6) बोलणं कृपायुक्त आणि "मिठाने रुचकर" असावं म्हटलंय, साखरेने नाही. आपल्याकडेही गोडबोल्या म्हटलं की लोक खिसा सांभाळतात. आणि गंमत बघा, मीठ आणि हिंदी मीठा एकाच मुळातून आलेत, जुन्या शब्दाचा अर्थ चवदार, रुचकर असा, गुजरातीत तर मीठुं म्हणजे मीठही आणि गोडही. म्हणजे चव आणणारं ते मीठ.

वडील गेले तेव्हाचं सांगतो. येणारा प्रत्येकजण आईला म्हणायचा धीर धरा, देवाची इच्छा, आणि चहा पिऊन जायचा, त्यांचं चुकलं असं नाही पण आईच्या कानात काही शिरतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी मावशी टोपात पेज घेऊन आली, सोबत भाजलेला खारा बांगडा, आणि दारातूनच ओरडली, "आदी पेज पी गो, मगे रड." आई म्हणाली चव नाही तोंडाला. तर मावशीने स्वतः घरात जाऊन जाडं मीठ आणलं, चिमूटभर पेजेत टाकून बोटानेच ढवळलं आणि वाटी आईच्या तोंडाला लावली. आवाज चढलेलाच होता तिचा. आई प्यायली. माझ्यासाठी कृपायुक्त बोलणं म्हणजे तो आवाज, मला दुसरी व्याख्या येत नाही.

एक मात्र जपायला हवं, 'मी स्पष्टवक्ता आहे' म्हणणारे लोक मिठाच्या नावाखाली मूठभर ओततात, मग घास थुंकावाच लागतो. मावशीने चिमूटच घातलं होतं, आणि पेज आधी आणली होती.

प्रतिसाद

मी प्रश्न विचारलेली. डोळ्यात पाणी आलं वाचून. ढोंगच वाचणार, लेकीलाही हे दाखवलं. आमची आजी कोकणीत प्रेमाला मोग म्हणायची आणि कुणी साधा पाण्याचा तांब्या दिला तरी 'देव बरें करूं' म्हणायची, थँक्यू नाही, तर देव तुझं भलं करो. शेवटी आजारात तिला बोलायला त्रास व्हायचा तरी मी कूस बदलून दिली की ते तीन शब्द पूर्ण म्हणायची, मी नको म्हटलं तरी. वाचन संपल्यावर यावेळी मी तेच म्हणणार आहे.