हिंटरकायफेक: गाव गप्प बसलं की पोलीस कमी पडले?

रानवाट: काल इथे कुणीतरी लिहिलं, "खेड्यातले खून उलगडत नाहीत, कारण गावच खुन्याला पाठीशी घालतं." वाचल्यापासून डोकं तापलंय. हिंटरकायफेक घ्या. जर्मनीत बव्हेरियातली एकाकी शेतवाडी, ३१ मार्च १९२२, सहा खून, त्यात दोन वर्षांचं पोर. प्रेतं सापडली ४ एप्रिलला. आणि हत्यार? घरातलीच कुदळ, मिळाली पुढच्या वर्षी घर पाडताना, माळ्यावर! माळा धड तपासला नाही आणि दोष गावाचा?

उलटतपास: पोलीस यायच्या आत घरात कोण फिरलं, प्रेतं कुणी हलवली? गावानेच ना? खुनांच्या आधी घरमालकाने बर्फात घराकडे आलेली पावलं पाहिली होती, परतीची नव्हती. शेजाऱ्यांना सांगितलंही. चौकीत एक माणूस गेला नाही.

रानवाट: शेजारचं घर चार दिवस बंद दिसल्यावर माणसं आत धावणारच. घर राखणं पोलिसांचं काम.

बांधावरचा: माझा राग वेगळाच आहे. २००७ मध्ये फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या पोलीस अकादमीतल्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण पुन्हा अभ्यासलं. एका संशयितावर सगळ्यांचं एकमत झालं, पण त्याच्या हयात नातेवाइकांसाठी नाव झाकून ठेवलं. मेलेल्या सहा जणांचं काय?

मीरा_त: एकमत म्हणजे पुरावा नव्हे. म्युनिकला पाठवलेल्या मृतांच्या कवट्याही पुढे गहाळ झाल्या, आता तपासणार काय? व्हिलिस्का आठवा. अमेरिकेतल्या आयोवातलं गाव, १९१२, कुऱ्हाडीने आठ बळी, त्यातली सहा मुलं. पाद्री केलीने कबुली दिली, मग फिरवली. १९१७ मध्ये दोनदा खटला. पहिल्यांदा ज्युरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यांदा तो निर्दोष सुटला. लोक आजही त्याच्याकडे बोट दाखवतात.

बांधावरचा: पुरे झाले दाखले. माझ्या आजीच्या भावाचा खून झाला, खुनी सापडलाच नाही. आजी मरेपर्यंत वाटेत भेटेल त्याच्या हातांकडे बघायची. एक नाव कळलं असतं, तर बाकीचा गाव तिच्या नजरेतून सुटला असता.

मीरा_त: आणि ते नाव चुकीचं असतं तर? माझ्या मामाच्या नावाची अशीच कुजबुज झाली. काही महिन्यांनी खरा माणूस पकडला गेला. त्यानंतरही मामाशी कुणी पूर्वीसारखं बोललं नाही. तुम्हाला फक्त नाव हवंय, कुणाचंही चालेल.

बांधावरचा: कुणाचंही? शब्द मागे घ्या. आजीने कधी कुणावर बोट ठेवलं नाही.

मीरा_त: घेतला. आजींबद्दल नव्हतं ते.

उलटतपास: रानवाट, माळ्याचं मान्य, तिथे पोलीस कमीच पडले. पावलांचं उत्तर मात्र तुम्ही अजून दिलेलं नाही.

रानवाट: घरमालक स्वतःच पोलिसांकडे गेला नाही, तर शेजाऱ्यांनी त्याच्या डोक्यावरून जायचं? मला नाही पटत.

बांधावरचा: मीरा, मामांचं वाचून वाईट वाटलं. तरी अकादमीने नाव झाकून का होईना, सगळा तर्क लोकांपुढे ठेवायला हवा होता. यावरून मी हटणार नाही.