पो पहिल्यांदा वाचताना: कोल्हापूरकरांचे अनुभव

अमेरिकी लेखक एडगर ॲलन पोच्या भयकथा हातात घेऊन दोन पानांत ठेवून देणारे बरेच असतात. सुरुवात कुठनं करावी आणि अडतं कुठं, हे गावातल्या मुरलेल्या वाचकांनीच सांगावं.

शिवाजी पेठ: 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर'नं, म्हणजे 'अशर'नं (१८३९) सुरुवात नको. नाव मोठं म्हणून सगळे तिथंच हात घालतात. पहिलंच वाक्य साठ शब्दांचं, कथा सात हजारांवर, आणि मध्येच कविता. त्यापेक्षा 'द टेल-टेल हार्ट' (१८४३) घ्या. दोन हजारांच्या आसपास शब्द, वीस मिनिटांत होते. निवेदक आपण वेडे नाही म्हणतो तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि लगेच पुढं तो पुरावा काय देतो ते बघा. दारातून डोकं आत घालायला तासभर लावला, हा त्याचा शहाणपणा!

राजारामपुरी: माझं मत वेगळं. पहिली 'द कास्क ऑफ अमाँटिलाडो' (१८४६). शेवट फुटेल ही भीती नको, अपमानाचा सूड घ्यायचाय हे निवेदक मॉन्ट्रेसॉर पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो. तो शत्रूला जिवंत भिंतीआड चिणतो, त्या भिंतीचे थर मोजत वाचा. पहिला थर होतो न होतो तोच आतून कण्हणं. चौथ्यानंतर साखळीचा खडखडाट, आणि हा पठ्ठ्या काम थांबवून हाडांच्या ढिगावर बसून ऐकतो. सातव्याला भिंत छातीपर्यंत. अकरावा शेवटचा. किंकाळ्या कुठल्या थराला थांबतात हे ध्यानात ठेवलं की दुसऱ्या वाचनात खरी कथा हाती लागते. अपमान नेमका कोणता, हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. तिथंच नवा वाचक 'पान गळलंय काय' म्हणून मागं जातो. गळलेलं नाही. पन्नास वर्षांनी बोलणारा माणूस कारण देत नाही, म्हणून त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा ते आपणच ठरवायचं.

मंगळवार पेठ: तुकड्यातुकड्यांनी वाचू नका. कथा एका बैठकीत संपावी, अर्ध्या ते दोन तासांत, असं पोनं १८४२ मध्ये हॉथॉर्न या लेखकाच्या कथांवर लिहिताना स्वतःच मांडलंय. रिक्षात चार पानं, घरी चार पानं केलं की ताण सुटतो. 'द मास्क ऑफ द रेड डेथ'ला मात्र कागद घ्या आणि कथेतली दालनं टिपून ठेवा. सात दालनं पूर्वेकडून: निळं, जांभळं, हिरवं, नारिंगी, पांढरं, फिकट जांभळं, काळं. खिडकीची काच भिंतीच्याच रंगाची, फक्त काळ्या दालनात रक्तासारखी लाल.

कसबा बावडा: पो ऑक्टोबर १८४९ मध्ये बाल्टिमोरला वारला, पुढच्या वर्षी आपलं करवीर नगर वाचन मंदिर निघालं. संबंध शून्य, पण साल पाठ राहतं. 'अशर' चौथी-पाचवी घ्या, आणि मधली कविता गाळू नका. राजवाड्याच्या दोन उजळ खिडक्या म्हणजे डोळे, मोती-माणकांचं दार म्हणजे तोंड. घराचा मालक रॉडरिक अशर, त्याचं डोकं कुठं चाललंय ते त्या सहा कडव्यांत आधीच येतं.

उत्तरेश्वर: मांजर पाळणाऱ्यांनी 'द ब्लॅक कॅट' मागं ठेवा. चाकूनं डोळा काढण्याचा प्रसंग लवकर येतो आणि पो तिथं हात आखडत नाही.