बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले परप्रांतीय कामगार: हटवायचे की सामावून घ्यायचे?

खानापूरकर (सध्या ब्रॅम्प्टन, कॅनडा)
फाउंड्र्यांतले (धातू ओतकामाच्या कारखान्यांतले) बिहारी-ओडिया कामगार काढा, भूमिपुत्रांना घ्या, अशी मागणी आता आपली मराठी पोरंही करू लागलीत. मला ती अजिबात मान्य नाही. जुलै 2024 मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं मंजूर केलेलं आणि गदारोळानंतर थांबवलेलं विधेयक आठवा. व्यवस्थापनात 50 टक्के, बाकी कामांत 70 टक्के स्थानिक. स्थानिक कोण? कर्नाटकात जन्मलेला, 15 वर्षं राहिलेला, कन्नड बोलता-लिहिता-वाचता येणारा. महाराष्ट्रातल्या चंदगडहून रोज मोटरसायकलवर येणारा आपला पोरगा यात कुठं बसतो? 1956 पासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या ज्या रेषेशी भांडतोय, तीच त्याच्या पोटावर ओढायची?

शहापूर पेठ
तिकडं बसून बोलायला काय जातंय! तुमच्या कॅनडानंच 2025 साठी बाहेरून घ्यायच्या कायम रहिवाशांचं लक्ष्य 5 लाखांवरून 3 लाख 95 हजारांवर आणलं, घरं पुरेनात म्हणून. इथं आयटीआय झालेली पोरं घरात बसलीत. मालकाला परप्रांतीय हवा, कारण तो बारा तास राबतो आणि शेडमध्येच झोपतो. त्याला सामावून घेतलं की आमचा पगार खाली आलाच.

खानापूरकर
किती जणांना घ्यायचं हे देशानं ठरवावं. त्या रांगेत मी स्वतः उभा राहिलोय, तक्रार नाही. पण बिहारी कामगार परदेशातून आलेला नाही. घटनेच्या 19व्या कलमानं त्याला देशात कुठंही राहून काम करता येतं. पगार पडतो तो त्याला कायद्याबाहेर राबवता येतं म्हणून. जादा तासांना दुप्पट दर हा कायदाच आहे. तो त्याला मिळवून द्या, मग स्वस्तातला माणूस म्हणून त्याला कोण घेईल?

निपाणीच्या बाई
मी शाळेत शिकवते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, मुलं फडावरच. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं 2009 चा शिक्षणहक्क कायदा स्पष्ट सांगतो. तरी आईबापांना दारातून परत पाठवलेलं मी पाहिलंय. ही तर मराठीच मुलं! ‘बाहेरचा’ म्हणायला एकदा सुरुवात झाली की भाषासुद्धा आड येत नाही.

शहापूर पेठ
बाईंचं पटलं, मुलांना शाळा मिळालीच पाहिजे. दुप्पट दरासाठी मोर्चा काढणार असाल तर मीही येतो. पण जागा सुटली की आधी आमचा आयटीआयवाला. यावरून मी हलणार नाही.