डावखुऱ्या माणसांसाठी हँडहेल्ड स्कॅनर, टॅब आणि फोन कसे लावून द्यावे? (नागपूर, मदत हवी आहे)

गांधीबाग_ठोक
नमस्कार मंडळी. औषधांचं ठोक दुकान आहे. माल मोजणीला आणि चलनाला चार जण, त्यातले दोघं डावखुरे. साधनं सगळ्यांकडे सारखीच: मागे पट्टा असलेलं ॲन्ड्रॉइड हँडहेल्ड स्कॅनर, शेरे लिहायला आणि सही घ्यायला दहा इंची टॅब व पेन, कमरेला ५८ मिमी कागदाचं थर्मल प्रिंटर, आणि ज्याचा त्याचा फोन.

उजव्या हाताच्या दोघांची काही तक्रार नाही. डावखुऱ्यांचं मात्र असं होतं: स्कॅनर हातात असताना आपोआप मागचं पान उघडतं आणि भरलेला बॅच नंबर उडतो. 'जतन करा' उजवीकडे खालच्या कोपऱ्यात आहे, तिथं अंगठा नेताना पकड सुटते आणि यंत्र खाली पडतं. टॅबवर लिहिताना तळहाताच्या रेघा उमटतात. संध्याकाळपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं.

खास डावखुऱ्यांसाठी काही मिळतं का जी सीताबर्डीच्या बाजारात? की आहे त्यातच जमेल?

महाल_सोल्डर
भाऊ, खरेदीला निघायच्या आधी एक पाहून घ्या. दोघंही डावखुरे आहेत एवढ्यानं काही ठरत नाही. यंत्र कोणत्या हातात धरतात आणि बोट किंवा पेन कोणत्या हाताचं चालवतात, ते दोघांचं वेगवेगळं लिहून काढा.

काही डावखुरे यंत्र डाव्या हातात धरून डाव्याच अंगठ्यानं चालवतात. काही उजव्या हातात धरतात आणि डावं बोट वरून मारतात, कारण लिहिणारा हात त्यांना मोकळा लागतो. पहिल्याला सगळं डावीकडे हवं. दुसऱ्याचं बोट वरून येतं, त्याला तसंच हवं असेल असं नाही. दोघांना एकच 'डावी' मांडणी करून दिली तर एकाचा त्रास कमी होऊन दुसऱ्याचा वाढू शकतो.

गांधीबाग_ठोक
पाहिलं. एक जण डाव्यात धरून डाव्याच अंगठ्यानं चालवतो. बाई आहेत त्या उजव्यात धरून डाव्या बोटानं. मागचं पान उघडणं आणि अंगठा दुखणं हे फक्त पहिल्याचंच आहे, हे आजच ध्यानात आलं.

महाल_सोल्डर
मग पहिल्याचं आधी घेऊ.

पान मागे जातं कारण ॲन्ड्रॉइड १० पासून मागे जायचा इशारा दोन्ही कडांवरून चालतो. डाव्या हातात धरलं की अंगठ्याखालचा मांसल भाग डाव्या कडेवर टेकतो. अंगठा लांबवताना तो थोडा आत सरकतो, आणि यंत्राला वाटतं कडेवरून बोट ओढलं. सेटिंगमध्ये सिस्टिम, जेश्चर, सिस्टिम नॅव्हिगेशन असं जा. जेश्चरच्या शेजारच्या दातेरी चाकावर टिचकी मारली की डाव्या आणि उजव्या कडेच्या वेगवेगळ्या पट्ट्या दिसतात. डावी सर्वांत कमीवर आणा, उजवी राहू द्या. कंपनीनुसार ही जागा बदलते. सापडलीच नाही तर सरळ तीन बटणांचं नॅव्हिगेशन लावा. मोजणीच्या यंत्राला तेच जास्त भरवशाचं, असं माझं ठाम मत आहे.

दुखण्याचं कारण बहुतेक स्कॅनची कळ. अशा यंत्रांना शक्यतो दोन्ही बाजूंना कळ असते. डाव्या हातात डावी कळ अंगठ्याखाली येते आणि उजवी तर्जनीखाली. उजव्या हाताच्या माणसाचं पाहून हाही अंगठ्यानंच दाबत असेल. दिवसभर तोच अंगठा कळ दाबणार, तोच पडदा चालवणार, मग मुळाशी दुखणारच. 'की मॅपिंग' (कोणत्या कळीनं काय काम करायचं ते ठरवायची सेटिंग) मध्ये जाऊन डावी कळ स्कॅनसाठी बंद करा आणि स्कॅन तर्जनीवर, म्हणजे उजव्या कळीवर, ठेवा. पट्टा इतकाच आवळा की हात उघडा केला तरी यंत्र तळव्यावर टेकून राहील. पट्टा ढिला असला की बोटं सतत आवळून धरतात, आणि अर्धं दुखणं तिथूनच येतं.

तुमचा स्कॅनर नुसत्या लाल रेषेवाला लेझर आहे की चौकोनी कोड वाचणारा? १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषध ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. क्यूआर लेझरला वाचता येत नाही. शिवाय लेझरची रेषा बारकोडला आडवी पडावी म्हणून मनगट वळवावं लागतं. टूडी इमेजर (चौकोनी कोड वाचणारा) कोणत्याही कोनातून वाचतो, मनगट सरळ राहतं.

प्रिंटर मोकळ्या हाताच्या बाजूला. पहिल्याच्या डाव्या हातात स्कॅनर आहे, म्हणजे प्रिंटर उजव्या कमरेला. बाईंचा डाव्या कमरेला.

रेषा_धरमपेठ
टॅबचं मी सांगते. आधी पेन पाहा. रबरी गोल टोकाचं साधं पेन असेल तर ते टॅबला बोटासारखंच दिसतं, मग तळहात कोणता आणि पेन कोणतं हे त्याला कळणार कसं? सेटिंग कितीही केली तरी रेघा येतील. पेन टॅबच्याच जोडीचं लागतं. ते काचेजवळ येताच टॅब बोटांचा स्पर्श सोडून देतो.

जोडीचं पेन असूनही रेघ येत असेल तर कारण वेगळं. डावखुऱ्यांचा तळहात बऱ्याचदा पेनच्या आधी काचेवर टेकतो, पेन नंतर पोचतं. त्या मधल्या क्षणात रेघ उमटते. लिहिण्याच्या ॲपमध्ये 'फक्त पेननं लिहा' किंवा 'बोटानं लिहिणं बंद' असा पर्याय शोधून तो लावा. विंडोजचा टॅब असेल तर पेनच्या सेटिंगमध्ये डाव्या हातानं लिहिण्याचा पर्याय आहे, तो लावला की मेन्यू हाताखाली उघडत नाहीत. पेनांची आणि रंगांची पट्टी वर किंवा उजवीकडे न्या. डावीकडे ठेवली तर लिहिताना मनगट तिच्यावरच येतं.

डावखुरा माणूस वही कशी ठेवतो ते आठवा: वरची बाजू उजवीकडे कललेली. टॅबही तसाच कलता ठेवू द्या, फक्त ऑटो रोटेट बंद करून. नाहीतर हातात उचलताच पान फिरतं. चार्जिंगचं छिद्र किंवा बटणं तळहाताखाली येत असतील तर टॅब उलटा फिरवून मग रोटेशन बंद करा.

तळहाताचा स्पर्श अडवायला दोन बोटांचे हातमोजे विकायला असतात. एकेरी पातळ कापडाचा मोजा स्पर्श अडवत नाही, हात फक्त सुळकन सरकतो. तळहाताशी जाड पदर असलेलाच घ्या. मे महिन्यात आपल्याकडे घामानं काच ओली झाली की चुकीचे स्पर्श होतातच, म्हणून टॅबसोबत कोरडं सुती फडकं ठेवा आणि गुळगुळीत गार्डऐवजी मॅट गार्ड लावा.

लाइन_अजनी
फोनचं थोडक्यात. बोटाच्या ठशाचा सेन्सर उजव्या कडेला असेल तर डाव्या हातात तिथं अंगठा जात नाही, तर्जनी किंवा मधलं बोट जातं. डाव्या हाताची ती दोन बोटं नोंदवा, तर्जनी दोनदा, वेगवेगळ्या कोनांतून. पॉवरचं बटण दोनदा दाबल्यावर कॅमेरा उघडणं बंद करा, आवळून धरताना ते सारखं लागतं. जीबोर्डवर (गूगलचा कीबोर्ड) चार चौकोनांच्या खुणेत एका हातानं टंकायची सोय आहे, बाणानं कीबोर्ड डावीकडे सरकवा.

'वन हँडेड मोड' नावावर मात्र जाऊ नका. ॲन्ड्रॉइडच्या मूळ सोयीत पडद्याचा वरचा भाग नुसता खाली येतो, उजवा कोपरा आहे तिथंच दूर राहतो. सॅमसंगच्या सोयीत पूर्ण पडदा लहान होऊन डाव्या बाजूला नेता येतो. तुमच्या कामाची दुसरी.

खास डावखुरं यंत्र शोधत फिरू नका. चांगली साधनं दोन्ही हातांना सारखी असतात. १९८९ चं अटारी लिंक्स हे हातात धरायचं गेमचं यंत्र उलटं धरून खेळता यायचं. २०१६ चं किंडल ओॲसिस हे पुस्तकं वाचायचं यंत्र हात बदलला की पडदा स्वतःच फिरवायचं. विकत घेताना एवढंच पाहा: दोन्ही कडांना कळ आहे का, कळीचं काम बदलता येतं का, पट्टा मधोमध आहे का. हे तिन्ही दुकानातच डाव्या हातात धरून तपासा.

गांधीबाग_ठोक
डावी कड कमी केली, सकाळपासून पान एकदाही मागे गेलं नाही. पट्टाही आवळला. टॅबचं पेन रबरीच निघालं, बदलतो. आता 'जतन करा' उरलं. सॉफ्टवेअरवाले म्हणतात बटण हलवता येणार नाही. कुणी डेव्हलपर ऑप्शनमधून (ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या जादा सेटिंग) सगळी मांडणी उजवी-डावी उलटवायला सांगितलं, करू का?

महाल_सोल्डर
नका करू. ती 'फोर्स आरटीएल'ची, म्हणजे मांडणी उजवीकडून डावीकडे करायची, सोय ॲप तपासणाऱ्यांसाठी आहे. बटण डावीकडे येईल, पण मागे जायचा बाणही वर उजवीकडे जाईल, आणि कित्येक ॲपमध्ये रकाने एकमेकांवर चढतात. डेव्हलपर ऑप्शन चालू असले की काही बँकांची ॲप उघडतच नाहीत, हेही आहे.

बटणाला हात लावायची वेळच येऊ देऊ नका. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये वाचलेल्या कोडच्या शेवटी एक अक्षर जोडायची सोय असते, त्याला सफिक्स म्हणतात. तिथं 'टॅब' (कीबोर्डवरची पुढच्या रकान्यात नेणारी कळ) लावा. बॅच वाचला की कर्सर स्वतः नगाच्या रकान्यात जाईल. एंटर लावू नका, नाहीतर नग भरायच्या आधीच नोंद जतन होऊन शून्य नग चढेल. आणि स्कॅनसाठी बंद केलेली ती डावी कळ आहे ना, तिला की मॅपिंगमध्ये एंटर द्या. बॅच तर्जनीनं वाचायचा, नग अंगठ्यानं टाकायचा, त्याच अंगठ्यानं कडेची कळ दाबायची. अंगठा उजव्या कोपऱ्यात जाणारच नाही.

आधी चार-पाच खोक्यांवर करून पाहा. एंटरनं 'जतन' होत नसेल तर सॉफ्टवेअरवाल्यांना एवढंच सांगा की नगाच्या रकान्यात एंटर आला की जतन करा. बटण हलवण्यापेक्षा हे त्यांना सोपं जातं.

गांधीबाग_ठोक
एंटरनं झालं जी, त्यांना फोन करायची गरज पडली नाही. बाईंच्या यंत्रात काय करू? त्यांना डावी कळ दाबायला अवघड जाते.

महाल_सोल्डर
बाई उजव्यात धरतात, म्हणजे त्यांच्या अंगठ्याखाली उजवी कळ येते. त्यांच्याकडे उलट करा: उजवी कळ एंटर, डावी स्कॅन. डावीवर त्यांची उजवी तर्जनी आपोआप पडेल. दोन्ही यंत्रांच्या पाठीवर रंगीत टेप चिकटवा, म्हणजे पाळी बदलताना अदलाबदल होणार नाही.